पृथ्वी जोरात फिरली, तर मृग लवकर लागेल का?

2025 च्या जुलैत एक बातमी मोबाईलवरून गावोगाव पोचली: पृथ्वीचा वेग वाढलाय, दिवस लहान होतोय. आमच्याकडे तेव्हा डवरणी चालू होती. पावसानं आठवडाभर दडी मारलेली, त्यामुळं संध्याकाळी ओसरीवर बसायचं आणि आभाळाकडं बघायचं. मोठेबाबांनी ती बातमी नातवाकडून दोनदा वाचून घेतली आणि मला विचारलं, "पृथ्वी जोरानं फिरू रायली म्हन्ते. मंग पुढच्या साली मृग लवकर लागन काय?"

त्या आठवड्यात मी या बातमीवर जे काही ऐकलं, त्यात हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. त्यामागं सरळ हिशेब आहे. पृथ्वी फिरते म्हणून दिवस होतो, पृथ्वी फिरते म्हणूनच वर्ष होतं. फिरण्याचा वेग वाढला, तर दोन्ही लवकर संपायला हवेत. हिशेब बरोबर आहे, घोळ 'फिरणं' या शब्दात आहे. पृथ्वीची फिरणी दोन आहेत, आणि एकाचा वेग बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही. मृग 7-8 जूनलाच लागणार.

एकच शब्द, दोन चाली

मराठीत जातं फिरतं, खळ्यावरचा बैल फिरतो आणि काम नसलेलं पोरगंही गावभर फिरतं. तिघांना क्रियापद एकच. शाळेच्या पुस्तकात मात्र यातल्या दोन चालींना वेगळी नावं आहेत. एखादी वस्तू स्वतःच्याच आसाभोवती फिरते ते परिवलन. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूभोवती फेरी घालते ते परिभ्रमण. पाठ करताना हे शब्द हटकून उलटेपालटे होतात, मोठ्यांचेही. मी ते असे लक्षात ठेवतो: वलन म्हणजे वळणं, जागच्या जागी. भ्रमण म्हणजे जागा बदलत जाणं. मोबाईलला सरकारी मराठीत भ्रमणध्वनी म्हणतात, त्यातलंच हे भ्रमण.

आस हा शब्द तर शेतकऱ्याला शिकवायला नकोच. बंडीची दोन्ही चाकं ज्याच्या टोकांवर फिरतात तो आस. पृथ्वीला असा लोखंडी दांडा नाही, पण ती जणू उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत एक दांडा आरपार घातल्यासारखी फिरते.

ओळखायची खूण अशी. फिरणाऱ्या वस्तूचा आस कुठं आहे ते बघायचं. तो तिच्या पोटातून जात असेल तर परिवलन. फेरीचा मध्य तिच्या बाहेर असेल तर परिभ्रमण. जात्याची वरची तळी मधल्या खिळीवर फिरते, ते तिचं परिवलन. त्याच तळीच्या काठावर ज्वारीचा एक दाणा चिकटलेला असेल, तर तो दाणा खिळीभोवती परिभ्रमण करतोय. आधी 'कोणती वस्तू' ते ठरवायचं, मग चाल सांगायची.

खळ्यावरचा बैल आणि जत्रेतला पाळणा

आता मळणीचा हडंबा आला, खळी गेली. पण ज्यांनी बैलांची पात बघितली आहे त्यांच्या डोळ्यांपुढं चित्र लगेच उभं राहील. मधोमध मेढ रोवलेली, तिला दावं, आणि बैल कणसं तुडवत गोल चाललेला. मेढ त्याच्या डाव्या अंगाला आहे असं धरू.

तुम्ही मेढीपाशी उभे राहून बैलाकडं बघत राहा. तुम्हाला कायम त्याचं डावं अंगच दिसेल, दिवसभर. आता खळ्याबाहेर, दक्षिणेच्या बांधावर जाऊन उभे राहा. बैल पूर्वेच्या कडेला आहे तेव्हा त्याचं तोंड उत्तरेला, म्हणजे तुमच्याकडं शेपूट. पलीकडं उत्तरेच्या कडेला गेला की डावं अंग. पश्चिमेला आला की तोंड समोर. अगदी तुमच्या पुढून गेला तेव्हा उजवं अंग. एका फेरीत तो तुम्हाला चारही बाजूंनी दिसला. याचा अर्थ मेढीभोवती एक फेरी घालता घालता तो स्वतःभोवतीही पुरता एकदा वळला.

इथं कोणीही अडवेल की तो स्वतःभोवती कुठं फिरला, तो तर नुसता चालला. म्हणून याच्या उलटं उदाहरण लागतं, आणि ते जत्रेत मिळतं. आकाशपाळण्याचं मोठं चाक फिरतं, पण लोक बसतात तो पाळणा वर असो, खाली असो, उभाच्या उभाच लटकत राहतो. माणसाचं डोकं कायम वर. पाळण्यानं मध्याभोवती फेरी घातली, पण स्वतःभोवती तो जरासुद्धा वळला नाही. हे नुसतं परिभ्रमण, परिवलनाशिवायचं. खळ्यावरच्या बैलाला असं फिरवायचं म्हटलं, तर त्याचं तोंड कायम गावाच्या मारुतीकडं ठेवून त्याला मेढीभोवती न्यावं लागेल. अर्धी फेरी तो मागं मागं आणि आडवा चालेल. कोणताही बैल हे करणार नाही.

म्हणजे जात्याकडं नुसतं परिवलन, पाळण्याकडं नुसतं परिभ्रमण, आणि बैलाकडं दोन्ही, एका फेरीला एक वळण असं जुळलेलं.

मग चंद्र स्वतःभोवती फिरतो की नाही?

चंद्र हा खळ्यावरचा बैल आहे. तो पृथ्वीभोवती साधारण 27.3 दिवसांत एक फेरी घालतो आणि नेमक्या तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती एकदा वळतो. आपण मेढीपाशी उभे आहोत, म्हणून आपल्याला त्याचं एकच अंग दिसतं. चंद्रावरचा ससा सगळ्या पिढ्यांनी तोच बघितला तो यामुळं. पलीकडची बाजू माणसानं पहिल्यांदा ऑक्टोबर 1959 मध्ये बघितली, तीही फोटोत, रशियाच्या लूना-3 यानानं काढलेल्या.

'चंद्र स्वतःभोवती फिरत नाही म्हणून एकच बाजू दिसते' हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. खरं याच्या उलट आहे. चंद्र पाळण्यासारखा न वळता फिरला असता, तर महिन्याभरात त्याची सगळी बाजू आपल्याला दिसून गेली असती.

फुगडी खेळणाऱ्या दोघी बघा. कितीही जोरात फिरल्या तरी एकीला दुसरीचं तोंडच दिसतं, पाठ कधी दिसत नाही. त्याच वेळी ओसरीत बसलेल्या आईला मात्र दोघींचं तोंड आणि पाठ आलटून पालटून दिसते. पृथ्वीच्या ओढीनं चंद्राचं स्वतःभोवतीचं फिरणं पूर्वी कधीतरी मंदावत गेलं आणि फेरीशी जुळून बसलं. हे योगायोगानं झालेलं नाही, सूर्यमालेतल्या बहुतेक मोठ्या उपग्रहांचं असंच आहे.

आणखी एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. न दिसणारी बाजू म्हणजे कायम अंधारी बाजू, असं नाही. तिथंही ऊन पडतं. चंद्रावर जवळपास सगळीकडंच साधारण आपले चौदा-पंधरा दिवस उजेड आणि तेवढेच दिवस अंधार असतो. 23 ऑगस्ट 2023 ला उतरलेल्या चांद्रयान-3 च्या लँडरचं काम चौदा दिवसांचं आखलं होतं ते याच हिशेबानं: सौर पट्ट्यांवर चालणारं यंत्र, ऊन आहे तोवर चालणार.

दिवस खरंच 24 तासांचा आहे का?

इथं थोडं थांबून दोन नाणी काढा, सारखीच, दोन-दोन रुपयांची. एक पाटावर बोटानं दाबून धरा. दुसरं त्याच्या डोक्यावर, आकडा सरळ दिसेल असं ठेवा. आता वरचं नाणं खालच्याच्या कडेनं, घसरू न देता, लोळवत खाली आणा. दोघांचा घेर सारखा, म्हणून वाटतं की अर्ध्या वाटेवर, अगदी तळाशी आलं की आकडा उलटा दिसेल. तो सरळ दिसतो. पूर्ण फेरी होईपर्यंत ते नाणं एकदा नाही, दोनदा फिरलेलं असतं. करून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही, म्हणून करूनच बघा.

एक फिरणं कडेवर लोळण्याचं. दुसरं कुठून आलं? वाट गोल होती म्हणून. बैलाला मेढीभोवतीच्या फेरीत जे एक वळण आपोआप पडलं, तेच इथं पडलं.

पृथ्वीचंही तसंच आहे. सूर्याच्या हिशेबानं वर्षात 365 आणि थोडे वर दिवस होतात. पण दूरच्या ताऱ्यांवर नजर ठेवून मोजलं, तर पृथ्वी वर्षात स्वतःभोवती 366 वेळा आणि थोडी वर फिरलेली असते. एक वळण सूर्याभोवतीच्या फेरीत जातं. त्यामुळं ताऱ्यांच्या हिशेबानं तिचं एक परिवलन 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांत पुरं होतं. तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळपास एक अंश पुढं सरकलेली असते. सूर्य पुन्हा तिथंच डोक्यावर यायला तिला आणखी थोडं वळावं लागतं, त्याला लागतात साधारण चार मिनिटं. असे चोवीस तास होतात. ही चार मिनिटं ध्यानात ठेवा.

बातमीत खरं किती होतं

बातमी खोटी नव्हती. अणुघड्याळांनी दिवस मोजला, तर तो रोज थोडा कमी-जास्त निघतो. 5 जुलै 2024 चा दिवस 24 तासांपेक्षा 1.66 मिलिसेकंदांनी लहान भरला. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी एकदा लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. वर्षभर प्रत्येक दिवस एवढाच लहान राहिला असता, तरी सगळं मिळून एक सेकंदसुद्धा भरला नसता.

बदल होतो तो परिवलनात. फिरत्या खुर्चीवर बसा, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन हात पसरा, कोणाला तरी हळू फिरवायला सांगा आणि मग हात छातीशी ओढा. खुर्ची जोरात फिरू लागते. वजन आसाजवळ आलं की वेग वाढतो, दूर गेलं की कमी होतो. पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड, वाहणारे वारे, समुद्राचं पाणी, चंद्राची ओढ, हे सगळं सतत हलतं आणि त्यानं परिवलन किंचित मागंपुढं होतं. 2011 मध्ये जपानला मोठा भूकंप झाला, तेव्हाही दिवस सेकंदाच्या साधारण दोन दहा लाखांश भागांनी कमी झाल्याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला होता.

परिभ्रमणाला यातलं काही लागू पडत नाही. पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी घालायला किती वेळ लागेल, हे सूर्य किती जड आहे आणि पृथ्वी त्याच्यापासून किती दूर आहे यावर ठरतं. बंडीतली पोती पुढची मागं केली, तर बंडी जड-हलकी वाटेल, पण त्यानं बाजाराचं गाव जवळ येत नाही.

आणि लांबचा हिशेब धरला, तर पृथ्वी मंदावतच चालली आहे. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते, त्या पाण्याची घासाघीस परिवलनाला ब्रेक लावते. दिवस शंभर वर्षांत साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. याचा पुरावा दगडात आहे, आणि मला तो फार आवडतो. समुद्रातली प्रवाळं रोज एक बारीक रेघ वाढतात, झाडाच्या वर्तुळांसारखी, आणि वर्षाचा मोठा पट्टाही त्यात दिसतो. जवळपास चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या रेघा मोजल्या, तेव्हा एका वर्षात सुमारे 400 भरल्या. वर्ष जवळपास आजच्याएवढंच, पण त्यात दिवस 400, आणि एकेक दिवस बावीस तासांच्या आसपास. दिवस एवढा बदलला, वर्ष जागेवर राहिलं.

इतर ग्रह बघितले तरी हेच. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि सूर्याभोवती फेरीला जवळपास बारा वर्षं घेतो. शुक्राचं तर उलटं: स्वतःभोवती एक वळण 243 दिवसांचं, आणि सूर्याभोवतीची फेरी 225 दिवसांत आटोपते.

"पण मे महिन्यात सूर्य जवळ येतो ना?"

आमच्याकडं पंचेचाळीस अंशांच्या वर पारा गेला की हे हमखास ऐकू येतं. तेही वाटणं साहजिक आहे, शेकोटीजवळ गेलं की चटका बसतो. पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. तेव्हा आपण पहाटे शेकोटी करून बसलेले असतो. सगळ्यात दूर असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15 कोटी 21 लाखांवर. मे महिन्यात ती दूर दूरच चाललेली असते.

उन्हाळा-हिवाळा होतो तो आस कललेला असल्यानं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी तिरपा आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडं, रोखलेला असतो. पृथ्वी फेरी घालत पुढं जाते, आस मात्र दिशा बदलत नाही. त्यामुळं जूनमध्ये उत्तरेकडचा भाग सूर्याकडं झुकलेला असतो, डिसेंबरात तोच भाग पाठ फिरवल्यासारखा. नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. डिसेंबरात त्याच ठिकाणी भर दुपारीही सूर्य अर्ध्या आभाळापर्यंतच चढतो. तिरपं ऊन पसरतं आणि दिवसही अकरा तासांहून थोडा लहान असतो. जूनमध्ये तो तेरा तासांच्या वर जातो. नुसत्या परिवलनानं रात्र-दिवस झाले असते, ऋतू झाले नसते. त्यासाठी तिरपा आस हवा आणि फेरीही हवी.

"एवढ्या जोरानं फिरतो, तर कळत कसं नाही?"

आपल्या भागातली जमीन परिवलनामुळं ताशी सुमारे 1560 किलोमीटर वेगानं पूर्वेकडं चाललेली आहे. सूर्याभोवतीच्या वाटेवर तर पृथ्वी सेकंदाला जवळपास 30 किलोमीटर जाते. कळत नाही, कारण वेग एकसारखा आहे. रेल्वे सपाट रुळांवर एका वेगानं चालली असताना डब्यात नाणं वर उडवलं, तर ते तुमच्या हातातच पडतं. आपल्याला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. ब्रेक लागला की माणूस पुढं जातो. आणि जमिनीबरोबर हवाही चालते, म्हणून वारा तोंडावर येत नाही.

आर्यभटानं इसवी सन 499 च्या सुमारास हेच नावेच्या दाखल्यानं सांगितलं होतं: पुढं चाललेल्या नावेतल्या माणसाला काठावरची झाडं मागं जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडं जाताना दिसतात.

मृग, पोळा आणि धोंड्याचा महिना

मोठेबाबांना मी म्हटलं, "परिभ्रमण तुम्ही जन्मभर मोजत आलात." ते माझ्याकडं बघत राहिले. पण खरंच तसं आहे. 25 मेला रोहिणी लागते, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात. 7-8 जूनला मृग, 21-22 जूनला आर्द्रा. या प्रत्येक नक्षत्राला साधारण तेरा-चौदा दिवस, अशी 27 नक्षत्रं मिळून वर्ष. नक्षत्र 'लागतं' म्हणजे सूर्य त्या चांदण्यांच्या दिशेला दिसू लागतो. सूर्य जागचा हललेला नसतो, आपण त्याच्याभोवती पुढं सरकलेले असतो, म्हणून त्याच्या मागची चांदणी बदलते. मेढीभोवती चालताना मेढीच्या मागं आधी कडुनिंब दिसतो, मग विहीर, मग घर, तसं. पेरणीचं पंचांग परिभ्रमणावर बांधलेलं आहे.

पोळ्याचं तसं नाही. पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे तो चंद्राच्या फेऱ्यांवर. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस, असे बारा महिने केले की 354 दिवस होतात, पृथ्वीच्या फेरीपेक्षा अकरा कमी. म्हणून सण दरवर्षी अलीकडं सरकतात, आणि दर तीन वर्षांच्या आत-बाहेर एक धोंड्याचा महिना घालून गाडी पुन्हा रुळावर आणावी लागते. 2022 चा पोळा ऑगस्टच्या शेवटी होता. 2023 ला अधिक श्रावण आला आणि पोळा सप्टेंबरच्या मध्यावर गेला. मृग दोन्ही वर्षी जिथल्या तिथं.

पाऊस मृगात पडेलच असं मात्र यातून निघत नाही. नक्षत्र लागणं पृथ्वीच्या वाटेवर आहे, ढग येणं समुद्रावरच्या वाऱ्यांवर. मोठेबाबा यावर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. कोरडे मृग त्यांनी माझ्याहून जास्त बघितले आहेत.

थोड्या वेळानं त्यांनीच विषय काढला. जूनमध्ये सूर्य मृगाच्या चांदण्यांच्या दिशेला असतो, म्हणून त्या चांदण्या तेव्हा दिवसा उगवतात आणि दिसतच नाहीत. सहा महिन्यांनी, आपण फेरीच्या दुसऱ्या बाजूला गेलो की त्याच चांदण्या रात्रभर वर असतात. आमच्याकडं मृगातल्या त्या तीन ओळीतल्या चांदण्यांना तिकांडं म्हणतात. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनीवर पाणी द्यायला जाणाऱ्यांना ते चांगलं ओळखीचं आहे. मोठेबाबांच्या तरुणपणी शेतात घड्याळ नसायचं. तिकांडं डोक्यावर आलं की अर्धी रात्र झाली, असा हिशेब.

"पन तो हिशेब चुकते," ते म्हणाले. "डिसेंबरात बरोबर राह्यते. संक्रांत आली का तिकांडं लवकरच डोक्यावर येते. पंधरा दिवसात घंटाभर फरक पडते."

पंधरा दिवसांत एक तास, म्हणजे रोज चार मिनिटं.